जुने जपानी स्टूल घेण्याआधी ते कशासाठी केले होते ते पाहा

टोकियोतील भाड्याच्या घरातून पुढच्या वर्षी पुण्याला परतताना दोन-तीन जुनी जपानी स्टुले बरोबर न्यावीत, असे आपण लिहिले आहे. एक दाराशी बूट घालताना टेकायला, एक-दोन पाहुणे आले की ओढून घ्यायला आणि जमल्यास गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना सोयीची एखादी बैठक, अशी आपली गरज आहे आणि अस्सल जुनी वस्तू कशी ओळखावी, असा प्रश्न आहे. जुने जपानी फर्निचर दुरुस्त करणे आणि निवडून देणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे मी या प्रश्नाचा क्रम थोडा बदलतो. वस्तू किती जुनी आहे हे विचारण्याआधी ती कशासाठी केली होती हे विचारावे, कारण जपानी बाजारात ‘जुने स्टूल’ म्हणून जे विकले जाते, त्यातील बऱ्याच वस्तू बसण्यासाठी केलेल्याच नसतात.

याचे कारण जपानी घराच्या रचनेत आहे. तातामी म्हणजे गवती चटया घातलेल्या खोलीत माणूस जमिनीवर बसे. खाली झाबुतोन म्हणजे चौकोनी गादी, फार तर कोपर टेकायला क्योसोकू आणि पाठीला आधार हवा असेल तर बिनपायांची झाइसू. उंचावर बसण्याचे प्रसंग ठरावीक होते. रणांगणावरील छावणीत सेनापती शोगी नावाच्या घडीच्या आसनावर बसे, झेन मठाचा प्रमुख विधीच्या वेळी क्योकुरोकू या लाखेसारख्या रोगणाने रंगवलेल्या खुर्चीवर बसे, चहाच्या बागेत पाहुणे बोलावण्याची वाट पाहत बाकावर टेकत आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी गल्लीत किंवा अंगणात एन्दाइ, म्हणजे बांबूचा अथवा फळ्यांचा बाक टाकला जाई. सामान्य घरातल्या खोलीत खुर्ची किंवा स्टूल जवळजवळ नव्हते. १८६८ नंतर मेइजी काळात सरकारी कचेऱ्या, शाळा आणि लष्कर यांनी खुर्ची स्वीकारली. चहाविधीसारखी परंपरा जपणारी मंडळीही मागे राहिली नाहीत. १८७२ च्या क्योतो प्रदर्शनात परदेशी पाहुण्यांची अडचण ओळखून उरासेन्के घराण्याचे अकरावे प्रमुख गेन्गेन्साइ यांनी मेज आणि स्टुले वापरून करायची र्युरेइ पद्धत मांडली. घरे मात्र जमिनीवरच बसत राहिली. त्यांत खुर्ची मोठ्या प्रमाणावर शिरली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः १९५५ मध्ये स्थापन झालेल्या जपान गृहनिर्माण महामंडळाच्या वसाहतींमध्ये स्वयंपाकघरातच जेवणाचे मेज ठेवण्याची रीत पडली तेव्हा. म्हणून शंभर वर्षांहून जुनी, खरोखर बसण्यासाठी घडवलेली आणि घरगुती जपानी आसने थोडी आहेत, तर १९५० ते १९७० या काळातील उत्तम आसने भरपूर आहेत. आपल्याला रोज बसायचे असेल तर माझा कौल स्पष्टपणे दुसऱ्या गटाकडे आहे.

पहिल्या गटाच्या नावाखाली काय काय खपते, ते आधी पाहू. सर्वांत जास्त आढळते ते फुमिदाइ, म्हणजे वरच्या फळीवरची वस्तू काढायला पाय ठेवून चढायचे पेटीवजा स्टूल. त्यानंतर कादाइ, हे फुलदाणी ठेवण्याचे उंच, नाजूक पायांचे चौरंग असतात आणि गडद लाकडावरील कोरीव काम पाहून ग्राहक भुलतो, परंतु त्यांचे सांधे पाच-सात किलोच्या कुंडीसाठी केलेले असतात, साठ-सत्तर किलोच्या माणसासाठी नव्हे. जेवणाचे पायवाले ताट, गो या खेळाचा जाड पट, लाकडी उशीची पेटी, निळ्या नक्षीची चिनीमातीची शेगडी उपडी करून, भात कुटून मोची करण्याची केयाकी लाकडाची उखळ, हे सगळे मी ‘स्टूल’ या चिठ्ठीखाली पाहिलेले आहे. यांतली उखळ खरोखरच दणकट बैठक होते, पण ती एकट्याने उचलत नाही. गोचा पट केवळ बसण्यासाठी वापरणे हा त्या वस्तूवर अन्याय आहे, असे माझे मत आहे. आणखी एक सावधगिरी म्हणजे चिनी स्टुले. एल्म लाकडाची, बाहेरच्या बाजूला किंचित तिरप्या चार पायांची, चौकटीत फळी बसवलेली उत्तर चीनमधील स्टुले परदेशी दुकानांत सर्रास ‘जपानी’ म्हणून लावलेली असतात. ती वाईट नसतात, उलट बसायला फुमिदाइपेक्षा बरी असतात, पण त्यांची किंमत जपानी म्हणून देऊ नये.

दाराशी बूट घालण्यासाठी मात्र फुमिदाइसारखी दुसरी वस्तू नाही. ती चढण्यासाठी केलेली असल्यामुळे माणसाचा संपूर्ण भार एका पायावर पेलण्याइतकी मजबूत असते, पोकळीत चपलांचा ब्रश किंवा छत्री राहते आणि वरच्या फळीत हात घालून उचलण्यासाठी लांबट भोक असते. निवडताना ती उलटी करा. वरच्या फळीची पुढची कड गोलसर झिजलेली हवी, कारण पाय तिथे पडतो. मागची कड तुलनेने धारदार राहते. चारही कडा सारख्या गुळगुळीत असतील तर ती झीज वापराची नसून सँडपेपरची आहे. पायांच्या खालच्या कडा ओढून ओढून दबलेल्या असतात आणि त्यांत माती बसलेली असते. आतल्या बाजूवर बोटे फिरवली की हाताच्या रंध्याचे हलके उंचसखल पट्टे जाणवतात. गोल करवतीच्या कमानीसारख्या खुणा दिसल्या तर ते लाकूड यंत्रावर चिरलेले आहे. आतले लाकूड बाहेरच्यापेक्षा फिके असणे साहजिक आहे, पण आतही बाहेरच्याइतकाच एकसारखा काळपट रंग असेल तर तो वयाचा नसून डब्यातला आहे. खिळे पाहा. हाताने ठोकलेला जुना खिळा चौकोनी असतो आणि त्याच्याभोवती लाकूड गंजाने काळे पडलेले असते. गोल तारेचे खिळे मेइजी काळात परदेशातून येऊ लागले. गोल खिळा दिसला म्हणून वस्तू लगेच खोटी ठरत नाही, कारण तो नंतरच्या दुरुस्तीचाही असू शकतो. जवळ एखादे रिकामे चौकोनी भोक आहे का, ते शोधावे.

कधी कधी तळाशी किंवा आतल्या फळीवर काळ्या शाईने मालकाचे नाव, गाव आणि साल लिहिलेले सापडते. साल राजाच्या कारकिर्दीत मोजलेले असते, त्यामुळे मेइजीच्या आकड्यात १८६७, तैशोच्या आकड्यात १९११ आणि शोवाच्या आकड्यात १९२५ मिळवले की आपले साल मिळते. मेइजी ३० म्हणजे १८९७. असा मजकूर किंमत वाढवतो, म्हणूनच तो कोरा करकरीत दिसत असेल तर शंका घ्यावी. खरी शाई लाकडाच्या रेषांत मुरलेली असते आणि धुळीच्या थराखाली असते, वर नव्हे.

लाकडाची निवड हा चवीचा भाग वाटतो, पण तो वजनाचाही आहे. किरी हे अतिशय हलके आणि मऊ लाकूड. कपाटांसाठी उत्तम, परंतु त्यावर नखाचीही खूण उठते आणि ओल्या फडक्याने पुसले की डाग राहतो. सुगी म्हणजे जपानी देवदार, तोही मऊच. त्याच्या जाड फळ्यांची फुमिदाइ चालते, पातळ फळ्यांची नको. केयाकी आणि चेस्टनट ही कठीण, जड आणि टिकाऊ लाकडे असून केयाकीच्या लाटांसारख्या रेषांमुळे तिला भाव जास्त असतो. आपल्या दाराशी केयाकी किंवा चेस्टनटची फुमिदाइ असावी, एवढे मी म्हणेन. ती घेण्याआधी दुकानात सपाट फरशीवर ठेवून तिच्यावर बसा आणि कंबर डावी-उजवीकडे हलवा. सांध्यातून करकर आवाज आला तर तो दुरुस्त होतो, पण फळीला रेषेच्या दिशेने आरपार भेग असेल तर ती वस्तू शोभेपुरतीच समजावी.

न्हाणीघरातली हिनोकीची, म्हणजे जपानी सायप्रस लाकडाची, बुटकी स्टुले आपण पाहिली असतील. ती जुनी घेऊ नयेत. ओलाव्याने आतून काळी पडलेली असतात आणि नवी सहज मिळतात. शोगी ही घडीची आसने देवळांच्या उत्सवांत आजही वापरली जातात आणि त्यांतील वापरलेली नग स्वस्तात मिळतात, पण दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे बसायचे कापड किंवा कातडे. जुने कातडे वरून शाबूत दिसले तरी शिवणीपाशी फाटते. दुसरी म्हणजे आकार, कारण मुलांच्या सणाला मांडायच्या योद्ध्याच्या बाहुलीसाठी केलेली छोटी शोगीही याच नावाने विकली जाते आणि छायाचित्रात आकार कळत नाही. क्योकुरोकू विकत घेण्याची उत्सुकता मला समजते, तिची वळणदार पाठ आणि शेंदरी-काळे रोगण नजर खिळवून ठेवते. तरीही ती विधीची वस्तू आहे, रोजच्या खोलीत ती अवघडल्यासारखी दिसते आणि खरोखर जुनी असेल तर देशाबाहेर नेण्याआधी सांस्कृतिक वारशाच्या नियमांची विचारपूस करावी लागते. आपल्या गरजेत ती बसत नाही.

आता विसाव्या शतकाकडे वळू. इथे कारखान्याचे नाव, लेबल आणि साल यांमुळे ओळख पटवणे सोपे होते. वाफेने वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आणि स्टुले करणारा आकिताचा कारखाना १९१० चा आणि ताकायामाचा हिदा कारखाना १९२० चा. जुन्या शाळा, दवाखाने आणि उपाहारगृहांतून निघालेले त्यांचे माल आजही दणकट असतात. नागानो प्रांतातील मात्सुमोतो येथे इकेदा सान्शिरो यांनी लोककलेच्या चळवळीतून फर्निचरचे काम उभे केले. त्या चळवळीचे प्रणेते यानागी सोएत्सू आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा त्यामागे आग्रह होता. मात्सुमोतोची विंडसर या इंग्लिश घाटाची स्टुले मिझुमे या बर्च जातीच्या जड लाकडाची असतात, काहींची बैठक गवताने विणलेली असते, आणि गडद तपकिरी रोगण वापराने कडांवर उजळत जाते. माझ्या मते रोज वापरायचे एकच जुने जपानी स्टूल घ्यायचे असेल तर ते मात्सुमोतोचे असावे. ते दुरुस्त होते, सहजासहजी डगमगत नाही आणि पुण्याच्या घरातल्या सागवानी सामानाशेजारी परके वाटत नाही.

सर्वांत प्रसिद्ध जपानी स्टूल मात्र यामागाता प्रांतातील तेन्दो येथे तयार झाले. सोएत्सू यांचे चिरंजीव यानागी सोरी यांनी १९५४ मध्ये रेखाटलेले बटरफ्लाय स्टूल तेन्दो मोक्को या कारखान्याने १९५६ पासून बनवले आणि १९५७ मध्ये त्याला मिलानच्या त्रिएन्नाले या डिझाइन प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. साच्यात दाबून वाकवलेल्या प्लायवूडचे दोन अगदी सारखे पंख समोरासमोर ठेवून ते बैठकीखाली पेचांनी आणि मध्ये पितळी दांडीने बांधले आहेत. इतकेच त्याचे भाग. म्हणूनच त्याची तपासणीही थोडक्यात होते. ते उजेडात आडवे धरा आणि पंखाच्या कडेवरील थर पाहा. वळणाच्या पोटाशी थरांत केसाएवढी फट दिसली तर डिंक सुटू लागला आहे. पेचांच्या भोकांभोवती चिरा आहेत का ते बघा आणि पितळी दांडी बोटांनी फिरवा. ती सैल असेल तर पंख बाहेर फाकतात आणि भार पेचांवर येतो. बैठक मधोमध वळलेली असल्यामुळे त्यावर कडेला टेकून बसणारा माणूस घसरतो, त्यामुळे वयस्क पाहुण्यासाठी हे स्टूल नाही. शिवाय ते आजही बनते, त्यामुळे जुन्याचा जास्त भाव देताना व्हीनिअरचा, म्हणजे वरच्या पातळ लाकडी थराचा, रंग आणि तळाचे लेबल या दोन्हींची खात्री करावी.

कमी बोलबाला असलेली आणि मला त्याहून उपयोगी वाटणारी दोन स्टुले सांगतो. वातानाबे रिकी यांचे १९५६ चे तोरीई स्टूल वेताचे, गोल आणि इतके हलके आहे की लहान मूलही ते ओढून आणते; त्यालाही १९५७ साली मिलानमध्ये सुवर्णपदक मिळाले. तानाबे रेइको यांचे १९६१ चे मुराई स्टूल तेन्दोच्याच प्लायवूडचे असून त्याचे तीन वळलेले तुकडे एकमेकांत गुंतलेले आहेत. बैठक रुंद आणि जवळजवळ सपाट असल्याने ते छोटे मेज म्हणूनही चालते. पाहुण्यांसाठी ओढून घ्यायला मी ही दोन सुचवीन.

सासूबाईंच्या बैठकीचा विचार वेगळा करावा लागतो. जपानी आसनांची उंची कमी असते आणि त्याला कारणे आहेत. घरात अनवाणी वावरायचे असल्याने चपलेच्या टाचेची उंची धरलेली नसते, आणि जमिनीवर बसलेल्यांच्या नजरेला नजर मिळावी म्हणून काही खुर्च्या मुद्दाम बुटक्या केल्या आहेत. चो दाइसाकू यांची १९६० ची बुटकी खुर्ची याचे सुंदर उदाहरण आहे; तिची बैठक जमिनीपासून जेमतेम ३० सेंटिमीटरवर आहे. आपल्याकडेही घरात अनवाणीच वावरतात, त्यामुळे ४० सेंटिमीटरच्या आसपासचे जपानी स्टूल पुण्यातल्या घरात चांगले बसते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला मात्र बुटकी खुर्ची म्हणजे शिक्षाच असते. बसणे जमते, उठणे जमत नाही. त्यांच्यासाठी बैठक किमान ४२ ते ४५ सेंटिमीटर उंच आणि हात टेकून उठण्याजोगी असावी, फार मागे कललेली नसावी. मात्सुमोतोची हातांची विंडसर खुर्ची या कसोटीला उतरते. झाइसू घेण्याचा मोह टाळा. फुजिमोरी केन्जी यांची १९६३ ची भोकाची झाइसू कितीही देखणी असली तरी ती जमिनीवर मांडी घालू शकणाऱ्यांसाठी आहे.

जेवणाच्या मेजाशी स्टूल लावायचे असेल तर जपानी फर्निचरवाले एकच माप धरतात, बैठकीपासून मेजाच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर. ते २७ ते ३० सेंटिमीटर असावे. आपल्याकडचे मेज साधारण ७५ सेंटिमीटर उंच असते, म्हणजे ३८ सेंटिमीटरच्या स्टुलावर बसलेल्या माणसाची कोपरे वर उचलली जातील. अशा वेळी स्टुलाचे पाय वाढवू नयेत. ते दिवाणखान्यात ठेवावे.

जुन्या काही जपानी खुर्च्यांना चार सुटे पाय नसून पुढचा-मागचा पाय जोडणारी आडवी पट्टी जमिनीला टेकलेली असते. तातामीवर टोकदार पायाचे खड्डे पडतात, म्हणून ही योजना. तीच खुर्ची शहाबादी फरशीवर ठेवली आणि फरशीचे सांधे वरखाली असतील, तर ती एका कोपऱ्यावर डुलते. दोष खुर्चीचा नसतो. पट्टीखाली जाड लोकरी कापडाचे तुकडे चिकटवले की प्रश्न मिटतो.

कीड हा पुण्याला नेण्याआधीचा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. वेत, बांबू आणि रुंद पानांच्या झाडांच्या लाकडाचा सालीजवळचा फिका भाग लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांना आवडतो. टाचणीच्या डोक्याएवढी भोके दिसली म्हणून घाबरू नये, कारण कीड कदाचित पंचवीस वर्षांपूर्वीच निघून गेलेली असेल. वस्तू काळ्या कागदावर ठेवून दोन-तीन आठवडे हलवू नये. कागदावर पिठासारखी पूड पडली तर कीड जिवंत आहे. ही परीक्षा उन्हाळ्यात घ्यावी, हिवाळ्यात कीड निपचित असते आणि कागद फसवा स्वच्छ राहतो. जिवंत कीड निघाली तर व्यावसायिकाकडून धुरी देऊन घ्यावी, केवळ भोकांत औषध टोचून भागत नाही. गवताने विणलेल्या बैठकीला किडीपेक्षा बुरशीचे भय जास्त आहे. पुण्यात पावसाळ्यात ती पंख्याखाली राहील अशी ठेवावी, आणि मुंबई, कोकण किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी लाकडी बैठकीचीच निवड करावी.

खरेदीसाठी क्योतोत दर महिन्याच्या २१ तारखेला तोजी मंदिरात आणि २५ तारखेला कितानो तेन्मान्गूत भरणारे बाजार प्रसिद्ध आहेत; आपण टोकियोत असल्याने आंतरराष्ट्रीय फोरमच्या आवारात भरणारा ओएदो बाजार सोयीचा पडेल. फुमिदाइ अशा बाजारात घ्यावी, कारण ती हाताळूनच निवडायची वस्तू आहे. तेन्दो किंवा मात्सुमोतोची वस्तू विसाव्या शतकातील फर्निचर विकणाऱ्या दुकानातून घ्यावी, जिथे दुरुस्ती काय केली ते लिहून देतात. बाजारात घासाघीस चालते, पण आपल्यासारखी नव्हे. किंमत विचारून थोडे कमी होईल का, इतकेच एकदा विचारावे.

सामान पाठवताना यादीत प्रत्येक वस्तूच्या लाकडाचे नाव आणि अंदाजे साल लिहावे, आणि लाकडी वस्तूंसाठी कोणते दाखले लागतील हे शिपिंग कंपनीला आधीच विचारावे. शिसवीच्या वंशातील सर्व लाकडांचा समावेश २०१७ पासून संरक्षित वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय यादीत झालेला आहे, तेव्हा बटरफ्लाय स्टूल शिसवी व्हीनिअरचे घेतले तर दुकानाकडून त्याची पावती आणि लाकडाचा उल्लेख असलेला कागद जरूर मागून घ्यावा.

पुण्यात पोचल्यावर वस्तू पहिला उन्हाळा थेट एसीच्या झोतात किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नये. उरुशी या झाडाच्या चिकापासून केलेले रोगण ओलावा सोसते, ऊन मात्र त्याला सोसत नाही. चमक गेली की परत येत नाही. सांधे कोरडेपणाने थोडे सैल होतील, ते पावसाळ्यात पुन्हा आवळतात, म्हणून एक पावसाळा जाऊ द्यावा आणि मगच दुरुस्तीचा विचार करावा. जुने जपानी सुतार भाताची खळ किंवा सरस वापरत, ते ऊब आणि ओलावा देऊन सोडवता येते. आपल्या सुताराने त्याच सांध्यात पांढरा डिंक भरला तर पुढच्या दुरुस्तीला तो सांधा कापावा लागतो. त्याला फक्त जुना डिंक खरवडून नवी पाचर मारायला सांगावे, आणि पॉलिशचा डबा उघडण्याआधी थांबवावे.